निरोप कोणाच्या हाती?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामाच्या फादरांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "सर, तुम्ही शाळेत दिवसभर पोरांत असता. चार पुस्तकेही लिहिली आहेत. आपली तरुण पोरे देवळात येतात, मागल्या बाकावर बसतात आणि शेवटचा आशीर्वाद होण्याआधीच पसार होतात. त्यांना जवळ आणील असे काहीतरी आधुनिक साधन काढा ना!"

आधुनिक साधन म्हटल्यावर माझ्यासारख्या मास्तराच्या डोक्यात दुसरे काय येणार? मी व्हॉट्सअॅपवर एक मंडळ काढले. चाळीसएक मुलामुलींची नावे त्यात घातली. रोज पहाटे उठून शुभवर्तमानातले एक वचन, त्याखाली उगवत्या सूर्याचे चित्र आणि त्या दिवसाच्या संताची चार ओळींची माहिती धाडू लागलो. आपण एक मोठे कार्य हाती घेतले आहे असा माझा समज होता. तीन आठवडे गेले. उत्तरादाखल काय यावे? कोणी जोडलेल्या हातांचे चित्र पाठवी, कोणी कोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देई. आणि मग एके रात्री अकरावीतल्या एका मुलीने लिहिले, "सर, हे सगळं तुम्हीच पाठवता. आम्ही काय करायचं?"

मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. पोरीने उद्धटपणा केला नव्हता. सरळ प्रश्न विचारला होता. मला उत्तर सुचले नाही. ज्या मास्तराला उत्तर सुचत नाही, तो पुस्तकांच्या कपाटाकडे वळतो. मीही वळलो. तेथे मला दिसले, की हा प्रश्न काही त्या पोरीने पहिल्याने विचारलेला नाही. चारशे वर्षांपूर्वी गोव्यातल्या साष्टी प्रांतात एका देवळात तो विचारला गेला होता आणि त्याच्या उत्तरातून मराठी भाषेतला एक थोर ग्रंथ जन्माला आला होता. त्या प्रश्नाची आणि त्याच्या पुढच्या प्रवासाची कहाणी दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावी असे वाटले, म्हणून हा लेख.

गोव्यातले पहिले साधन अगदी साधे होते. ते म्हणजे हातातली घंटा. फ्रान्सिस झेविअर १५४२ साली गोव्यास आले, तेव्हा ते रस्त्यारस्त्याने घंटा वाजवीत हिंडत आणि पोरे गोळा करीत. मुले जमली की त्यांच्याकडून प्रार्थना चालीवर म्हणवून घेत. घंटेनंतर चौदा वर्षांनी दुसरे साधन आले, ते मात्र त्या काळचे सर्वांत आधुनिक. १५५६ साली गोव्यात छापखाना उतरला. गंमत अशी, की तो गोव्यासाठी निघालाच नव्हता. त्याला जावयाचे होते अॅबिसिनियास. वाटेत गोव्यात थांबला तो कायमचा. हिंदुस्थानातला हा पहिला छापखाना. दुसऱ्याच वर्षी, १५५७ साली, झेविअरांची धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी त्यावर छापून झाली. पण ती होती पोर्तुगीज भाषेत.

आता जरा त्या काळच्या साष्टीतल्या पोराच्या जागी स्वतःला बसवून पाहा. त्याची देवळे पाडली गेली आहेत. आजा ज्या पुराणांतल्या कथा सांगत असे, त्या पुराणांना बंदी आहे. १५६० सालापासून इन्क्विझिशनचा धाक आहे. १५८३ साली कुंकळ्ळीस गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना ठार मारले, इतका त्या मुलखात संताप साठला होता. अशा वेळी दर रविवारी त्या पोराला देवळात बसवून परक्या वळणाची प्रश्नोत्तरे घोकून घेतात. घरी गेल्यावर संध्याकाळी दिव्यापाशी म्हणावयास त्याच्याजवळ काही उरलेले नाही. धर्म बदलला असेल. पण गोष्ट ऐकण्याची भूक काही बदलत नाही.

याच प्रांतात येशूसंघाचा एक इंग्रज धर्मगुरू काम करीत होता. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. १५७९ साली तो गोव्यास आला आणि १६१९ साली इथेच त्याचा देह पडला. मधली चाळीस वर्षे त्याने इथल्या माणसांत काढली, त्यांच्या भाषा शिकून घेतल्या, कोंकणीचे व्याकरण लिहिले. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याचे पहिले पुराण जुन्या कराराचे आणि दुसरे ख्रिस्तचरित्राचे. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पाठ केल्या असतील. परंतु त्या ओव्यांच्या पलीकडे फारसे कोणी जात नाही. मीही गेलो नव्हतो.

ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. रविवारचा दिवस आहे. देवळात धर्मशिक्षणाचा पाठ चालू आहे. तेव्हा जमलेल्यांपैकी एक जण पाद्रीबाबांना विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही मना केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? हा पाठ चांगला आहे. पण मनाला रमवील असे एखादे पुराण आमच्या भाषेत रचून दिलेत तर आमचे मनोरथ पुरे होतील. पुढचा सारा ग्रंथ म्हणजे या विनंतीला दिलेले उत्तर आहे.

स्टीफन्सला हा प्रश्न उद्धट वाटला नाही. तो विचारणाऱ्यावर रागावला नाही, की प्रश्नोत्तरी आणखी दोनदा घोकून घ्या असे म्हणाला नाही. त्याने ऐकून घेतले. मग उत्तर द्यावयाचे तर कोणत्या भाषेत, कोणत्या घाटात, याचा त्याने विचार केला. साष्टीत घरोघर बोलली जाई ती कोंकणी. पण पुराण म्हटले की लोकांच्या कानांना सवय होती ती मराठी ओवीची. म्हणून त्याने मराठी निवडली आणि साध्या माणसाला समजावी म्हणून तीत बोलीतले शब्द मिसळले. ओवी एकट्याने मनात वाचावयाची नसते; एकाने म्हणावी आणि घराने ऐकावी, अशी तिची घडण आहे. म्हणजे घरात ज्या पोराला अक्षर येते त्याच्या हाती पोथी यावयाची आणि बाकीच्यांनी ऐकावयाचे.

छपाईची अडचण होतीच. देवनागरीचे खिळे पाडणे त्या काळी सोपे नव्हते. जोडाक्षरांचे साचे शेकडो लागतात. १६०८ साली रोममधल्या आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात स्टीफन्सने या सहाशेएक साच्यांचे दोनशेपर्यंत कमी करून काम भागवता येईल असा हिशेब मांडला होता. पण ते जमले नाही आणि मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. आज आपली मुले फोनवर मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहितात म्हणून आपण कपाळाला हात लावतो. माझाही हात कैकदा कपाळाशी गेला आहे. पण ख्रिस्तपुराणाची आठवण झाली की तो खाली येतो. लिपी उसनी असली तरी भाषा घरची होती, म्हणून तो ग्रंथ लोकांनी आपला मानला. त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, १६४९ आणि १६५४ साली.

याच्या उलट काय होते, तेही त्याच गोव्याने दाखवले. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीजच बोलावी. छापखाना होता, सत्ता होती, देवळे होती, शाळा होत्या. नव्हती ती भाषा. रायतूरला ज्या हातांनी मराठी ओव्या जुळवल्या, त्यांचा वारसा तेथेच खुंटला. पण ख्रिस्तपुराण मेले नाही. गोवा सोडून दक्षिणेत कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित पोथ्या जपल्या, नकलून काढल्या आणि घरी म्हटल्या. त्याच पोथ्यांच्या आधारे १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापले गेले. छापलेले पुस्तक नाहीसे झाले, पण पोरांच्या हातांनी नकललेली पोथी टिकली.

आता गोवा सोडून आपण आपल्या घाटावर येऊ. कारण माझ्यापर्यंत जो निरोप आला, तो या दुसऱ्या वाटेने आला.

पेशवाईच्या अखेरच्या काळात पुण्यात गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते. त्यांच्या प्रार्थनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली जागा दिली आणि त्यातून क्वार्टर गेटजवळचे आजचे सिटी चर्च उभे राहिले, ही गोष्ट पुणेकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. पुढे लष्करच्या वस्तीत इंग्रजी बोलणारे आले, दक्षिणेकडून तमिळ बोलणारे आले, आणि नगर जिल्ह्यातून पोटासाठी पुण्यात आलेली मराठी कुटुंबे आली. माझी आजी या शेवटच्या मंडळींतली.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येशूसंघाच्या जर्मन धर्मगुरूंनी काम सुरू केले. त्यांच्या आधी अमेरिकन मिशन तेथे पोचले होते. त्यांचा 'ज्ञानोदय' १८४२ पासून निघत होता. मुलांसाठी 'बालबोधमेवा' १८७३ पासून. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि भजन यांना ख्रिस्ती अंगण दाखवले. कॅथलिकांकडे मात्र मराठीत असे काही नव्हते. ती उणीव राहुरी तालुक्यातल्या केंदळ गावी काम करणाऱ्या फादर हेन्री डोरिंग यांना जाणवली आणि १९०३ सालच्या एप्रिल महिन्यात त्यांनी 'निरोप्या' नावाचे मासिक काढले. चारच वर्षांनी, १९०७ साली, हे डोरिंग पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन धर्मगुरूंना हिंदुस्थान सोडावा लागला; डोरिंगांना १९२१ साली थेट जपानात हिरोशिमास धाडण्यात आले. १९२७ साली ते पुन्हा पुण्यास परतले आणि १९५१ साली येथेच वारले. त्यांचे मासिक त्यांच्यामागेही चालत राहिले. शनिवार पेठेत फादर मॅथ्यू लेदर्ले यांनी उभारलेल्या स्नेहसदनाशी त्याचे नाव पुढे जोडले गेले.

'निरोप्या' हे नाव मला फार आवडते. पत्र, वृत्त, दूत अशा भारी शब्दांत न शिरता डोरिंगांनी गावातला शब्द उचलला. लग्नाचे, बाळंतपणाचे, मयताचे सांगावे घेऊन या गावाहून त्या गावी धावत जाणारा तो निरोप्या. आणि निरोप्या म्हातारा असून कसे चालेल? त्याच्या पायांत बळ हवे.

माझी आजी निरक्षर होती. मिशनच्या मास्तरांनी गावात शाळा काढली होती, पण तिच्या वाट्याला शेळ्या आल्या. पुण्यात आल्यावर आमच्या दोन खोल्यांच्या घरी महिन्याच्या आरंभी 'निरोप्या' येई. रात्रीची जेवणे झाली की आजी भिंतीला टेकून बसे आणि म्हणे, "वाच रं बाळा, काय सांगावा आलाय बघू." मी नऊदहा वर्षांचा असेन. मी वाचावयाचे आणि तिने ऐकावयाचे. मधेच ती थांबवी आणि म्हणे, "ही गोष्ट आमच्या मास्तरांनी निराळी सांगितली होती." मग ती निराळी गोष्ट सांगे. माझे वाचन अडखळत होई, जोडाक्षरांशी झटापट होई; पण त्या अर्ध्या तासात त्या घरात माझ्याइतका महत्त्वाचा माणूस दुसरा नसे. डोरिंगांनी काढलेले मासिक पोस्टमन दारात आणून टाकी. दारापासून आजीच्या कानापर्यंत ते मी नेई. खरा निरोप्या मी होतो.

ही आठवण मी पूर्वीही कैकदा सांगितली आहे, पण तिचा अर्थ त्या मुलीच्या प्रश्नाने मला कळला. माझ्यावर धर्माचा संस्कार झाला तो मजकुरापेक्षा त्या कामाने झाला. कोणीतरी माझ्यावर विसंबून होते.

विसाव्या शतकात साधनांची नुसती रीघ लागली. ती आली तशी धर्मसंस्था प्रथम बिचकली, मग सावरली. १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट दाखवला जात होता. तो पाहण्यास गेलेल्या प्रेक्षकांत त्र्यंबकेश्वरचे एक गृहस्थ होते, धुंडिराज गोविंद फाळके. पडद्यावर ख्रिस्त चालताना पाहून त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. परदेशातून आलेला निरोप एका मराठी माणसाने स्वतःच्या भाषेत वाचला आणि हिंदी चित्रपटसृष्टीचा जन्म झाला. चित्रपटवाल्यांनी तर ते केवळ दाखवले होते. करावयाचे ते फाळक्यांनी केले. इकडे रोममध्ये मात्र १९३६ साली अकरावे पायस यांनी चित्रपटांवर जे परिपत्रक काढले, त्यात सावधगिरीचा सूर मोठा होता. तो अगदीच अस्थानी होता असे मी म्हणणार नाही. मुलांचा बाप या नात्याने मलाही सावध राहावेसे वाटते.

याच पोपसाहेबांनी १९३१ साली व्हॅटिकनचे नभोवाणी केंद्र सुरू केले. यंत्रसामग्री उभी करणारा खुद्द मार्कोनी. पोपचा आवाज प्रथमच साऱ्या जगाला ऐकू गेला. केवढा चमत्कार! पण ते पहिले भाषण होते लॅटिनमध्ये. आवाज पृथ्वीच्या टोकापर्यंत गेला, आणि नगर जिल्ह्यातल्या आजीला त्यातला एक शब्द कळावयाचा नाही.

नभोवाणीचे खरे बळ काय असते ते पुण्याने दाखवले. १९५३ साली पुणे आकाशवाणी सुरू झाली आणि १९५५ सालच्या रामनवमीस तिच्यावरून 'गीतरामायणा'चे पहिले गीत निघाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक गीत, वर्षभरात छप्पन्न गीते. लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, हे आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. यंत्र विलायती होते. पण कथा, चाल आणि भाषा घरची होती, आणि गीत संपले की दुसऱ्या दिवशी पोरेबाळे ते गुणगुणत. साष्टीच्या देवळातल्या त्या माणसाने स्टीफन्सपाशी जे मागितले होते, तेच गदिमांनी आणि फडक्यांनी साऱ्या महाराष्ट्राला दिले. आणि योगायोग पाहा, त्या गीतांचे वर्ष पुरे झाले त्याच १९५६ साली, याच पुण्यात, शांताराम बंडेलू यांनी संपादिलेले ख्रिस्तपुराण देवनागरीत छापून निघाले. स्टीफन्सच्या पत्रातल्या खिळ्यांचा हिशेब तीनशे अठ्ठेचाळीस वर्षांनी एका मराठी संपादकाने चुकता केला.

मग आली १९६३ सालच्या डिसेंबरची चार तारीख. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने त्या एकाच दिवशी दोन कागद जगापुढे ठेवले. एका कागदाने उपासनेत लोकांच्या भाषांना दार उघडले. दुसऱ्याने वृत्तपत्र, चित्रपट, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी ही साधने धर्मसंस्थेने आपली मानावीत असे सांगितले. पुष्कळ लोक हे दोन कागद वेगवेगळे वाचतात. मला वाटते, ते जोडूनच वाचावयास हवेत. भाषेवाचून साधन म्हणजे लॅटिनमधले ते नभोवाणीभाषण. आणि साधनावाचून भाषा म्हणजे आजीच्या कपाटात राहिलेली पोथी. त्यानंतरच्या वर्षांत मिस्सा मराठीत होऊ लागली. ज्या बायकांनी आयुष्यभर लॅटिन उत्तरे अर्थ न कळता म्हटली होती, त्यांना आपण देवाशी काय बोलतो हे प्रथमच कळले. वसईत १९५५ पासून निघणाऱ्या 'सुवार्ता'ने तर मराठी ख्रिस्ती तरुणाला मराठी साहित्याच्या मुख्य अंगणात आणून बसवले. त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मला आजीची फार आठवण झाली.

ते संमेलन आटोपून तीन महिनेही झाले नाहीत तोच देवळे बंद झाली. करोनाची साथ आली. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाऊस पडत असताना पोप फ्रान्सिस सेंट पीटरच्या रिकाम्या चौकात एकटे उभे राहून प्रार्थना करीत होते, ते दृश्य आम्ही घरच्या पडद्यावर पाहिले. त्या वर्षी ईस्टरची मिस्साही पडद्यावरच झाली. तेव्हा एक गोष्ट घडली, जी माझ्या त्या वेळी ध्यानात आली नाही. ज्या फादरांना फोन उभा कसा धरावा हे ठाऊक नव्हते, त्यांच्या मदतीला कोण धावले? मागल्या बाकावरची तीच पोरे. कोणी तिवई आणली, कोणी आवाज बसवून दिला, कोणी गायनाचे तुकडे घराघरांतून मागवून जोडले. पहिल्यांदाच धर्मग्राम त्यांच्यावर विसंबून होता. साथ ओसरली, देवळे उघडली, आम्ही मोठ्यांनी पुन्हा आपापल्या जागा घेतल्या, आणि पोरे पुन्हा मागल्या बाकावर गेली. त्यांना तेथे धाडले कोणी? आम्हीच की!

पडद्यावरची मिस्सा ही खरी मिस्सा नव्हे, हे मी मानतो. ख्रिस्तप्रसाद तारेतून येत नाही. शेजाऱ्याच्या हातात हात देऊन शांती असो म्हणावे लागते. साथीनंतर काही जण घरीच राहिले, तेही मी पाहतो. फोन माणसाला देवळाच्या दारापर्यंत आणून सोडील. आत यावयाचे ते पायांनीच.

गेल्या सप्टेंबरची ७ तारीख आली, म्हणजे २०२५ सालची, आणि रोममध्ये कार्लो अॅक्युटिस नावाच्या एका मुलाला संतपद मिळाले. १९९१ साली जन्मलेला आणि २००६ साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला हा इटालियन मुलगा. संगणकाचा त्याला नाद होता. पवित्र प्रसादाशी निगडित चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने स्वतः संगणकावर तिचे प्रदर्शन मांडले होते. पोरे त्याची तसबीर पाहून खूष झाली, कारण त्याच्या अंगात त्यांच्यासारखेच कपडे आहेत. मला मात्र त्याच्या चरित्रातली दुसरीच गोष्ट लागली. त्याला कोणी रोज पहाटे सूर्याचे चित्र पाठवीत नव्हते. काय जमवावयाचे आणि कसे मांडावयाचे हे त्याचे त्याने ठरवले होते.

त्या मुलीला मी उत्तर दिले ते एवढे सगळे वाचून झाल्यावर, म्हणजे जवळजवळ दीड महिन्याने. तिने एवढी वाट पाहिली हाच तिचा मोठेपणा. मी लिहिले, "आपल्या धर्मग्रामात नगरकडून आलेल्या आज्या आहेत. त्यांना जुनी गाणी येतात. ती कोठे छापलेली नाहीत. तुम्ही जाऊन त्यांच्याकडून म्हणवून घ्याल का?" आणि मग मी तोंड बंद ठेवले. मास्तराला याहून अवघड काम नाही.

चाळीसांपैकी नऊ जण गेले. कोणी फोनवर आवाज टिपला, कोणी शब्द उतरून काढले. रोमन अक्षरांत का होईना, काढले. काही आज्यांनी गाण्याऐवजी सुनांच्या तक्रारी सांगितल्या, त्याही टिपल्या गेल्या. दोन मुलांनी आठवड्याभरात काम सोडले. नाताळच्या आधीच्या शनिवारी सभागृहात त्यांनी ते सारे ऐकवले. त्यात एक दळणाच्या चालीवरचे मरियेचे गाणे होते. ते सुरू झाले तशी ती अकरावीतली मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, ही माझीच आजी आहे. घरात सतरा वर्षं राहतो आम्ही, पण ती गाते हे मला माहीतच नव्हतं."

आजही सगळी पोरे पुढच्या बाकावर बसतात असे मुळीच नाही. कित्येक अजून आशीर्वादाआधीच निसटतात. पण त्या नवांपैकी सहा जण मिस्सा संपल्यावर थांबतात, कारण त्यांना कोणाला तरी भेटावयाचे असते. माझे व्हॉट्सअॅपचे मंडळ अद्याप चालू आहे. फक्त पहाटेचे सूर्य मी बंद केले आहेत. त्यात हल्ली पोरेच लिहितात. परवा एकाने ख्रिस्तपुराणाबद्दल विचारले होते. मी त्याला पुस्तक दिले. त्याने पहिल्या पानावर बोट ठेवून अडखळत वाचावयास सुरुवात केली, आणि मी भिंतीला टेकून ऐकत बसलो.